हवेतील आघाड्यांचा वेध घेणारे बियर्कनेस

आधुनिक हवामानशास्त्राचे प्रवर्तक विल्हेम बियर्कनेस यांचा जन्म १४ मार्च १८६२ रोजी नॉर्वेतील क्रिस्टियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो येथे झाला. भौतिकशास्त्राच्या नियमांवरून हवामानाचे भाकीत करता येईल, असे त्यांनी १९०४ मध्ये प्रतिपादन केले.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ मध्ये, जर्मनीतील लाइपझिग सोडून ते बर्गेनला आले. युद्धामुळे परदेशांतून येणाऱ्या हवामानाच्या नोंदी खंडित झाल्या होत्या. देशात अन्नटंचाई असल्याने शेतकरी आणि मच्छिमारांना विश्वसनीय अंदाजांची निकड होती. बियर्कनेस यांनी १९१८ मध्ये पश्चिम नॉर्वेत निरीक्षण केंद्रांचे दाट जाळे उभारले.

या नोंदींच्या आधारे त्यांचे पुत्र याकोब आणि सहकाऱ्यांनी थंड व उबदार वायुराशींमधील सीमा ओळखल्या. युद्धभूमीवरून त्यांना आघाडी हे नाव मिळाले. उबदार हवा थंड हवेवर हळूहळू चढते, तेव्हा विस्तृत प्रदेशात संततधार पडते. थंड हवा उबदार हवेखाली घुसून तिला वेगाने वर ढकलते, तेव्हा जोरदार सरी कोसळतात. थंड आघाडीने उबदार आघाडीला गाठल्यानंतर वादळ कालांतराने विरते.

बियर्कनेस यांचे ९ एप्रिल १९५१ रोजी निधन झाले. हवामानाच्या नकाशांवर या आघाड्या आजही रेखाटल्या जातात.