अंगठ्याचे माप ओळखणारा अभियंता

बारवी धरणाचा पहिला टप्पा १९७२ मध्ये पूर्ण झाला. त्याच वर्षी अमेरिकेत ‘ओडिसी’ नावाचे, घरच्या टीव्हीला जोडून खेळायचे पहिले यंत्र बाजारात आले. तेव्हा या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. आज मात्र बारवीच्या पट्ट्यातल्या, म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरमधल्या कितीतरी घरांत परीक्षा संपल्या की एकच वाद रंगतो. गेम खेळायला पीसी घ्यायचा की कन्सोल? थोरला ग्राफिक्स कार्डांची नावे सांगतो, धाकटी प्लेस्टेशनचा हट्ट धरते आणि वडील हप्त्याचा हिशेब मांडतात. आईचा प्रश्न डोळ्यांचा आणि झोपेचा असतो. तो बहुधा सगळ्यात शेवटी ऐकला जातो.

दोन्हींतला फरक सोपा आहे. पीसीचे भाग बदलता येतात. मेमरी वाढवा, नवे कार्ड बसवा, ताकद वाढते आणि त्याबरोबर खर्चही. कन्सोल हा बंद डबा असतो. त्याचे भाग कंपनीने ठरवलेले असतात आणि पुढची काही वर्षे गेम बनवणाऱ्यांना त्या मर्यादेतच काम करावे लागते. आता बरेचसे गेम दोन्हीकडे मिळतात. त्यामुळे वाद उरतो तो ताकदीचा आणि पैशाचा. खेळणाऱ्याचे शरीर हे तिसरे माप कुणी फारसे लावत नाही. जपानमधल्या एका अभियंत्याने ते आयुष्यभर लावले. एकदा त्याचे माप चुकले आणि त्याची किंमतही त्याने मोजली. त्याचे नाव गुनपेई योकोई.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योतो शहरात झाला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचे शिक्षण घेतले आणि १९६५ मध्ये निन्टेंडो या गावातल्याच कंपनीत नोकरी धरली. तेव्हा ही कंपनी प्रामुख्याने पत्ते छापत असे. हानाफुदा नावाचे, फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते. ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करणे एवढेच योकोई यांचे काम होते. हाताशी वेळ भरपूर उरे. त्या वेळात त्यांनी गंमत म्हणून कात्रीसारखा लांब होणारा, दूरची वस्तू पकडणारा एक हात बनवला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी तो पाहिला. कामाच्या वेळेत खेळणी करतो म्हणून बोलणी खावी लागणार असे योकोई यांना वाटले, पण झाले उलटेच. ते खेळणे विक्रीसाठी तयार करायला सांगण्यात आले. १९६६ मध्ये आलेल्या या ‘अल्ट्रा हँड’च्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि देखभालीचा कर्मचारी खेळण्यांचा संशोधक झाला.

१९६९ मधले त्यांचे ‘लव्ह टेस्टर’ हे खेळणे डॉक्टरांना विशेष ओळखीचे वाटेल. दोघांनी एकेक धातूचा गोळा धरायचा, मोकळे हात एकमेकांच्या हातात द्यायचे आणि प्रेम किती ते काटा दाखवणार. यंत्र खरे तर मोजत होते ते त्वचेतून वाहणारा अगदी किंचित विद्युतप्रवाह. मन अस्वस्थ किंवा उत्तेजित झाले की तळव्याला घाम येतो आणि वीज सहज वाहते. खोटे पकडण्याच्या यंत्रातही याच गुणधर्माचा उपयोग करतात. त्यातून प्रेम कळत नाही, पण लाजणाऱ्या तरुण जोडप्याला हात धरायला निमित्त मिळते. महाग यंत्र न बनवता माणसाच्या शरीरातलीच एखादी गोष्ट खेळात आणायची, ही योकोई यांची रीत इथे प्रथम दिसते.

पुढचा किस्सा बदलापूर लोकलच्या प्रवाशांना लगेच पटेल. बुलेट ट्रेनने जाताना योकोई यांना एक कंटाळलेला प्रवासी दिसला. तो हातातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाचच दाबत बसला होता. घरी परतणाऱ्या माणसाला खिशात मावेल असा छोटा खेळ दिला तर, असा विचार त्यांच्या मनात आला. कॅल्क्युलेटरचे पडदे आणि चिप तोवर स्वस्त झाल्या होत्या. त्यातूनच १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ तयार झाले. खेळ आणि घड्याळ एकाच चपट्या डबीत. या मालिकेचे चार कोटींहून अधिक नग विकले गेले.

यातला ‘डाँकी काँग’ हा खेळ १९८२ मध्ये खिशात आणताना एक अडचण आली. वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायची दांडी एवढ्याशा डबीत बसेना. योकोई यांनी अधिकच्या चिन्हासारखे एक चपटे बटण बनवले. आज जवळपास प्रत्येक कन्सोलच्या रिमोटवर ते दिसते. त्याचे यश शरीररचनेत आहे. अंगठ्याच्या मुळाशी असलेला सांधा घोड्याच्या खोगिरासारखा असतो, म्हणून अंगठा सगळ्या दिशांना फिरतो. स्पर्श आणि हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात हाताच्या, त्यातही अंगठ्याच्या वाट्याला मोठी जागा आलेली आहे. क्रॉसच्या कडा अंगठ्याला न पाहता कळतात आणि डोळे पडद्यावरच राहतात.

अर्थात सोयीलाही मर्यादा असते. अमेरिकेतल्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात १९९० मध्ये एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. सलग पाच तास निन्टेंडो खेळल्यावर तिच्या अंगठ्याच्या स्नायूबंधात तीव्र वेदना सुरू झाल्या होत्या. पीसीवर अंगठ्याऐवजी मनगट दुखते. माऊसवर हात तासन्तास वाकडा राहतो, मान पुढे येते. यंत्र बदलले की दुखणारी जागा बदलते, एवढेच.

योकोई यांचे सगळ्यात मोठे काम ‘गेम बॉय’. ते २१ एप्रिल १९८९ रोजी जपानमध्ये आले. पडदा लहान, तोही रंगीत नाही, मागे दिवा नाही. स्पर्धक कंपन्यांची हातात धरायची यंत्रे रंगीत आणि उजळ होती, पण सहा सेल घालूनही काही तासांत बंद पडत. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर पंधरा तासांच्या आसपास चाले आणि किंमतही कमी होती. अगदी नवे तंत्र महाग आणि लहरी असते, म्हणून पुरते मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नव्याच कामासाठी उपयोग करावा, असे योकोई मानत. धरणाचा दरवाजा चकचकीत नसला तरी चालतो, पाणी ठरल्या पातळीला आले की तो उघडला पाहिजे. हा विचार तसाच होता. गेम बॉय आणि त्याची नंतरची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटी ८० लाखांहून अधिक नग खपले.

त्याच काळात पीसीचे जग नेमके उलट्या दिशेने धावत होते. १९९३ मध्ये ‘डूम’ आणि १९९६ मध्ये ‘क्वेक’ आले आणि वर्षा-दोन वर्षांपूर्वी घेतलेला कॉम्प्युटर जुना वाटू लागला. नवा गेम, मग नवे कार्ड, मग नवा पीसी. पीसी विरुद्ध कन्सोल या वादाचे मूळ या दोन वाटांत आहे. एक वाट ताकद वाढवत जाते, तर दुसरी मर्यादेत राहून खेळ फुलवते.

योकोई यांची वाट मात्र १९९५ मध्ये चुकली. त्या वर्षी त्यांचे ‘व्हर्च्युअल बॉय’ आले. टेबलावर ठेवलेल्या या यंत्रात डोळे घालून खोली असलेले चित्र पाहायचे होते. त्यासाठीही त्यांनी मुरलेले, स्वस्त तंत्र घेतले, ते म्हणजे लाल रंगाचे एलईडी. काळ्यावर लाल, दुसरा रंग नाही. खेळणाऱ्यांनी डोके दुखणे, मळमळणे आणि मान अवघडणे अशा तक्रारी केल्या. दोन डोळ्यांना थोडी वेगळी चित्रे दाखवली की मेंदूला खोली भासते. जवळची वस्तू पाहताना डोळे आत वळतात आणि भिंगही त्याच अंतरासाठी जाड होते. अशा यंत्रात डोळ्यांचे वळणे सतत बदलते, पण भिंगाला एकाच अंतरावर राहावे लागते. ही ओढाताण डोळे थकवते. शिवाय यंत्र डोक्यावर न बसता स्टँडवर असल्याने खेळणाऱ्याला पुढे वाकावे लागे.

सात वर्षांखालील मुलांनी ते वापरू नये, असा इशारा त्यावर होता आणि ठरावीक वेळाने खेळ थांबवून विश्रांतीची आठवण देण्याची सोयही होती. घरातली आई जे सांगते, तेच यंत्राला सांगावे लागत होते. आठ लाखही नग न खपता व्हर्च्युअल बॉय वर्षभरात गुंडाळले गेले. स्वस्त तंत्राचा नियम मोडला नव्हता, पण त्यामागचे खरे माप सुटले होते. अंगठ्याने जे आनंदाने स्वीकारले, ते डोळ्यांनी नाकारले.

ऑगस्ट १९९६ मध्ये, ३१ वर्षांच्या नोकरीनंतर योकोई निन्टेंडोतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘कोतो’ ही स्वतःची छोटी कंपनी काढली. तिथे त्यांनी बांदाई कंपनीसाठी ‘वंडरस्वान’ या नव्या यंत्रावर काम केले. ते एकाच पेन्सिल सेलवर चालणार होते. ते १९९९ मध्ये बाजारात आले, पण योकोई यांना ते पाहता आले नाही.

४ ऑक्टोबर १९९७ रोजी जपानच्या होकुरिकू द्रुतगती मार्गावर त्यांची गाडी पुढच्या वाहनावर आदळली. काय झाले ते पाहायला ते खाली उतरले आणि मागून आलेल्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवले. त्यांचे वय होते अवघे ५६. द्रुतगती मार्गावर असा दुसरा अपघात पहिल्यापेक्षा जास्त घातक ठरू शकतो. मुंबई-पुणे मार्गावर जाणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. गाडी किरकोळ धडकली तर धोक्याचे दिवे लावावेत, रहदारीच्या विरुद्ध बाजूने उतरावे, सगळ्यांनी कठड्यापलीकडे जावे आणि तिथून मदतीला फोन करावा. गाडीचे नुकसान नंतर पाहता येते.

योकोई यांच्यानंतर यंत्रे कैक पटींनी ताकदवान झाली. शरीर तेच राहिले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मान्यता दिलेल्या आणि २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे ही त्याची लक्षणे. ती साधारण वर्षभर टिकली आणि अभ्यास, काम किंवा नाती बिघडू लागली, तरच त्याला विकार म्हणतात. सुट्टीत चार दिवस जास्त खेळणारा मुलगा आजारी नसतो. पीसी असो की कन्सोल, या व्याख्येत फरक पडत नाही.

म्हणून घरातल्या वादात आईचा प्रश्न आधी घ्यावा. पीसी घेतला तर पडदा हातभर अंतरावर, त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि पाठीला आधार देणारी खुर्ची हवी. कन्सोल घेतला तर टीव्हीपासून पुरेसे लांब बसावे. दर वीस मिनिटांनी नजर दूर न्यावी आणि पापण्या मुद्दाम मिटाव्यात, कारण पडद्याकडे पाहताना आपण त्या कमी मिटतो. झोपेच्या तासभर आधी खेळ थांबावा. घरात कुणाला फिट येत असेल, तर लुकलुकणाऱ्या प्रकाशाच्या खेळांबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. अंगठा किंवा मनगट दोन आठवड्यांहून अधिक दुखले, तर मलम चोळत बसू नये, तपासून घ्यावे.

आणि रविवारी एखादा तास बाहेर काढावा. मोकळ्या उजेडात जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांना चष्मा लागण्याची शक्यता कमी असते. बंदीचे आदेश नसतील तेव्हा, पाण्यात न उतरता, रस्त्यावरूनच बारवीच्या जलाशयापलीकडचे डोंगर पाहावेत. तेवढ्या वेळात डोळ्यांचे भिंग सैल पडते आणि अंगठ्यालाही सुट्टी मिळते.