पदार्थविज्ञानविदुषी लीझे माइटनर

आपल्या ज्ञातीतील मुली आता शास्त्रशाखेच्या पदव्या मिळवितात, याचा आनंद आहे. परंतु पदार्थविज्ञानाच्या उच्च अध्ययनाकडे वळणाऱ्या अद्यापि थोड्याच दिसतात. त्याच विषयाच्या दाराशी जिला तिष्ठत राहावे लागले, अशा एका विदुषीचा हा अल्प परिचय.

लीझे माइटनर यांचा जन्म १८७८ साली व्हिएन्ना नगरीत एका वकिलाच्या घरी झाला. मुलींचे शालेय शिक्षण तेथे चौदाव्या वर्षीच संपे. पुढे विद्यापीठ स्त्रियांना खुले झाले, तेव्हा खाजगी अभ्यास करून १९०१ मध्ये त्यांनी प्रवेश मिळविला आणि बोल्ट्झमान यांच्यापाशी अध्ययन करून १९०६ मध्ये डॉक्टरेट संपादिली.

१९०७ मध्ये त्या बर्लिनला गेल्या. रसायनशास्त्रज्ञ ऑटो हान यांच्याशी सहकार्य जुळले, पण ज्या संस्थेत काम करावयाचे तेथे स्त्रियांना मज्जाव! अखेर तळमजल्यावरील जुनी सुतारशाळा त्यांना मिळाली. दार वेगळे, वरच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकावयाचे नाही, आणि स्वच्छतागृहासाठीसुद्धा जवळच्या उपाहारगृहात जावयाचे. वेतन नव्हतेच, वडील पाठवीत त्यावर गुजराण. पुढे १९२२ मध्ये त्यांनी विश्वातील घडामोडींवर व्याख्यान दिले, तेव्हा एका वृत्तपत्राने विषय ‘कॉस्मिक’ऐवजी ‘कॉस्मेटिक’ असा छापला. हा केवळ मुद्राराक्षसाचा विनोद होता काय, हे वाचकभगिनींनीच ठरवावे! १९२६ मध्ये मात्र जर्मनीतील पदार्थविज्ञानाच्या पहिल्या स्त्रीप्राध्यापक होण्याचा मान त्यांना लाभला.

त्या ज्यू कुळातील. नाझी राजवटीने १९३३ मध्ये त्यांचा अध्यापनाचा अधिकार हिरावला आणि १९३८ च्या जुलैत, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, तीस वर्षांचे कार्य मागे टाकून त्यांना हॉलंडमार्गे स्वीडन गाठावे लागले. त्याच डिसेंबरात हान यांचे पत्र आले: युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केला असता बेरियम सापडते, हे कसे? नाताळच्या सुटीत, बर्फात भाचे ऑटो फ्रिश यांच्यासह फिरताना, बाईंनी एका ओंडक्यावर बसून गणित मांडले. अणुगर्भ दुभंगतो, आणि प्रत्येक वेळी सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मुक्त होते!

या शोधाचे १९४४ चे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना मिळाले. बाईंचे नाव अनेकदा सुचविले गेले, पारितोषिक कधीच आले नाही. अणुबाँबच्या कामात सहभागी होण्यास त्यांनी साफ नकार दिला होता.

१९६८ मध्ये केंब्रिज येथे त्या निवर्तल्या. १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला त्यांच्या नावावरून माइटनेरियम हे नाव १९९७ साली देण्यात आले.