हान्स ओश्गर

हान्स ओश्गर (२ एप्रिल, इ.स. १९२७ – २५ डिसेंबर, इ.स. १९९८) हे स्विस भौतिकशास्त्रज्ञ होते. हिमस्तरात छिद्रण करून काढलेल्या बर्फाच्या दंडगोलाकार नमुन्यांना हिमगाभे म्हणतात. त्यांत अडकलेल्या प्राचीन हवेचा अभ्यास करणाऱ्या आद्य संशोधकांत ओश्गर यांची गणना होते.

जीवन

ओश्गर यांचा जन्म स्वित्झर्लंडमधील ओटेनबाख येथे झाला. बर्न विद्यापीठात त्यांनी फ्रिट्झ हाउटरमान्स यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. अत्यल्प किरणोत्सर्ग मोजणारे उपकरण त्यांनी विकसित केले. त्याच्या साहाय्याने भूजल, सागरजल व बर्फ यांचे वय ठरवता येऊ लागले. इ.स. १९६३ मध्ये त्यांनी विद्यापीठात हवामान व पर्यावरण भौतिकी विभागाची स्थापना केली. इ.स. १९९२ पर्यंत ते त्याचे प्रमुख होते.

हिमगाभ्यांवरील संशोधन

डेन्मार्कचे विली डान्सगार्ड व अमेरिकेचे चेस्टर लँगवे यांच्यासह ओश्गर यांनी ग्रीनलंडमध्ये संशोधन केले. तेथील डाय-३ या ठिकाणी इ.स. १९७९ ते १९८१ या काळात २,०३७ मीटर खोल छिद्रण झाले.

खोलवरचा बर्फ प्रचंड दाबाखाली असतो. वर आणल्यावर दाब घटतो, हवेचे बुडबुडे प्रसरण पावू लागतात आणि गाभा तडकतो. बर्फ वितळल्यास कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून मोजमाप चुकते. म्हणून बर्न येथे गोठलेला नमुना निर्वात पात्रात चुरडून हवा मोकळी करण्याची पद्धत वापरली गेली. हिमयुगात या वायूचे प्रमाण औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या प्रमाणापेक्षा बरेच कमी होते, हे अशा मोजमापांतून समजले.

डाय-३ च्या गाभ्यात हिमयुगातील कार्बन डायऑक्साइड झपाट्याने बदलल्याचे दिसले. अंटार्क्टिकाच्या गाभ्यांत मात्र तसे आढळले नाही. ग्रीनलंडच्या बर्फातील धुळीतले कार्बोनेट व आम्ल यांच्या अभिक्रियेतून जादा वायू तयार होतो, असे पुढे स्पष्ट झाले. न वितळलेला, अखंड नमुनाही आतून बदलू शकतो, हा धडा त्यातून मिळाला. तापमानातील आकस्मिक चढउतार मात्र खरे ठरले. ते आज ‘डान्सगार्ड–ओश्गर घटना’ म्हणून ओळखले जातात.

सन्मान

इ.स. १९९६ मध्ये त्यांना डान्सगार्ड व क्लोद लोरियुस यांच्यासह टायलर पारितोषिक मिळाले. बर्न विद्यापीठातील हवामानबदल संशोधन केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले आहे.