गणितानंद दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

पाचगणी हे जसे थंड हवेचे ठिकाण, तसेच ते शाळांचे गाव. येथील निवासी शाळांमधून पिढ्यानपिढ्या विद्यार्थी घडले. त्यांना घडविणारे शिक्षक मात्र बहुधा पडद्याआडच राहिले. नाशिकजवळचे देवळाली हेही असेच हवापालटाचे छोटे गाव. तेथे बत्तीस वर्षे मुलांना शिकविणाऱ्या एका शिक्षकाचे नाव आज जगभरातील गणिताच्या ग्रंथांत आदराने घेतले जाते. ते शिक्षक म्हणजे ‘गणितानंद’ या नावाने ओळखले गेलेले कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. स्मरणिकेच्या या सुवर्णमहोत्सवी अंकात त्यांच्या जीवनाचा अल्प परिचय करून देताना आनंद होत आहे.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा छंद होता. पंचांगातील आकडेमोड घरात नित्याची असल्याने अंकांची गोडी मुलाला बालपणीच लागली. दत्तात्रय आठ वर्षांचा असतानाच मातृछत्र हरपले. माध्यमिक शिक्षण ठाण्यात झाले. कोडी सोडविण्यात आणि आकडेमोडीच्या जवळच्या वाटा शोधण्यात त्याचे तासन्‌तास जात. १९२३ साली त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. केंब्रिजचे पहिले भारतीय सीनियर रँग्लर र. पु. परांजपे यांनी दीर्घकाळ प्राचार्यपद भूषविलेली ही संस्था. १९२७ साली, विद्यार्थिदशेतच, गणितातील स्वतंत्र कार्यासाठी दिले जाणारे ‘रँग्लर परांजपे गणित पारितोषिक’ कापरेकरांना लाभले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. पुढे पदव्युत्तर शिक्षण झाले नाही. १९३० साली ते देवळालीत शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

दिवसा वर्गात अध्यापन आणि उरलेल्या वेळी अंकांचा सहवास, असा त्यांचा जीवनक्रम होता. या चिंतनातून १९४९ साली ६१७४ ही विलक्षण संख्या हाती आली. वाचकांनी कागद व पेन्सिल घेऊन स्वतःच प्रचीती घ्यावी. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहान संख्या करावी आणि मोठीतून लहान वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा हीच क्रिया करावी. उदाहरणादाखल कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ. ९५१० मधून ०१५९ वजा करता ९३५१ येतात. पुढे अनुक्रमे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या पायरीला ६१७४. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तरी पुन्हा ६१७४ च उरतात. संख्या कोणतीही असो, सात पायऱ्यांच्या आत ती येथे येऊन स्थिरावते. ही संख्या आज ‘कापरेकर स्थिरांक’ या नावाने जगन्मान्य आहे.

त्यांच्या नावाच्या ‘कापरेकर संख्या’ही प्रसिद्ध आहेत. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० व २५ असे दोन भाग करून मिळविले की पुन्हा ४५. तसेच २९७ चा वर्ग ८८२०९. त्यातील ८८ व २०९ यांची बेरीज २९७. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणाऱ्या, असे सुंदर नाव दिले. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्धी पावलेली १७२९ ही संख्याही हर्षदच आहे. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. ज्या गावाने आपल्याला पोसले त्याचे ऋणही ते विसरले नाहीत. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की नवी संख्या जन्मते. परंतु २० सारख्या काही संख्या अशा रीतीने कोणत्याच संख्येपासून जन्मत नाहीत. अशा स्वयंभू संख्यांना त्यांनी ‘देवळाली संख्या’ म्हटले.

‘डेम्लो संख्यां’चे नाव डोंबिवली स्थानकावरून पडले, तेथेच त्यांना या संख्यांच्या अभ्यासाची कल्पना सुचली होती. त्यांतील ‘अद्भुत डेम्लो संख्या’ म्हणजे १, १२१, १२३२१ अशी चढत जाऊन उतरणारी मालिका. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१ आणि १११११ च्याही पुढे जाऊन ११११११ चा वर्ग केला की १२३४५६५४३२१ ही संख्या मिळते.

येथे जैन वाचकांस एका थोर पूर्वसूरीचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इसवी सनाच्या नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्यात एकापासून सहापर्यंत चढणारी व पुन्हा क्रमाने उतरणारी हीच संख्या आलेली आहे. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणले असता ती मिळते. दोन्ही बाजूंनी सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अशा गुणाकारांना आचार्यांनी गळ्यातील कंठाभरणाची उपमा दिली. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ साली जीवराज जैन ग्रंथमालेत प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह हा ग्रंथ प्रकाशित केला. आचार्यांच्या ग्रंथातील कंठा आणि देवळालीच्या शिक्षकाच्या वहीतील डेम्लो संख्या यांत अकराशे वर्षांचे अंतर आहे. अंकांच्या सौंदर्याची ओढ मात्र एकच आहे.

कापरेकरांच्या वाट्याला कौतुक सहजासहजी आले नाही. मोठी पदवी नाही, विद्यापीठाचे पद नाही, हाताशी केवळ अंकगणित. यामुळे देशातील अनेक गणितज्ञांनी त्यांचे काम किरकोळ करमणूक म्हणून बाजूस सारले. पुष्कळसे लेखन त्यांना स्वतःच पुस्तिकारूपाने छापावे लागले. तरीही ते गणित परिषदांना उपस्थित राहत, निबंध वाचत आणि ठिकठिकाणी व्याख्याने देऊन विद्यार्थ्यांना गोडी लावत. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून ते गणित व विज्ञानाच्या शिकवण्या घेत. या ओढगस्तीतही अंकांचे चिंतन खंडले नाही.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या विख्यात लेखकाने ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांचे कार्य मांडले आणि त्यांचे नाव जगभर पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. मायदेशीच्या उपेक्षेनंतर परदेशातून आलेली ही दाद त्यांच्या आयुष्याच्या संध्याकाळी लाभली. १९८६ साली देवळाली येथे त्यांचे देहावसान झाले.

सत्तराव्या वर्षी जी कीर्ती आली ती आली नसती, तरी कापरेकरांच्या वह्या भरतच राहिल्या असत्या, हे त्यांचे चरित्र वाचताना स्पष्ट जाणवते. गुण आणि टक्केवारी यांच्या धावपळीत सापडलेल्या आपल्या मुलांना एखाद्या संध्याकाळी जवळ बसवून १९०५ पासून ६१७४ पर्यंतच्या त्या सात पायऱ्या आपण अवश्य चढवून आणाव्यात. शेवटच्या पायरीवर मुलाच्या चेहऱ्यावर जो हर्ष उमटेल, त्यासाठीच या शिक्षकाने आपले आयुष्य वेचले. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन.