कॉलराचा नकाशा काढणारा जॉन स्नो, ज्याची गोष्ट आपल्याला उलटी सांगितली जाते

डेटा हॅकेथॉनला गेलेल्या कुणालाही विचारा. संध्याकाळी डेटासेट हातात पडतो. रात्रभर चहा-कॉफीवर जागून तो साफ करायचा, त्यातून काहीतरी शोधायचं आणि सकाळी परीक्षकांसमोर एक झकास चार्ट मांडायचा. डेटाच्या या दुनियेत एक जुना नकाशा हमखास दाखवला जातो. लंडनच्या गल्ल्या, घरांसमोर काळ्या रेघांची चळत आणि मधोमध एक हापसा.

हा नकाशा डॉ. जॉन स्नोचा. गेम ऑफ थ्रोन्सवाला नाही, हा खराखुरा.

गोष्ट अशी सांगतात की, स्नोने कॉलराने मेलेल्यांची घरं नकाशावर मांडली, सगळ्या रेघा एका हापशाभोवती गोळा झालेल्या दिसल्या आणि कोडं सुटलं. ऐकायला भारी वाटतं, पण घडलं उलट्या क्रमाने.

स्नोचा जन्म १८१३ चा, इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातला. वडील कोळशाच्या वखारीत मजूर, घरात नऊ भावंडं आणि हा थोरला. चौदाव्या वर्षी त्याला न्यूकॅसलच्या एका सर्जनच्या हाताखाली शिकायला पाठवलं. तिथे १८३१-३२ ला कॉलराची साथ आली आणि अठरा वर्षांच्या या पोराला खाणकामगारांवर उपचार करायला धाडलं गेलं. खाणीत हात धुवायची सोय नाही, घाण तिथेच आणि जेवणही तिथेच. हे त्याच्या डोक्यात राहिलं.

पुढे तो लंडनला आला, डॉक्टर झाला आणि भूल देण्यात त्याने एवढं नाव कमावलं की, १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म द्यायला त्यालाच बोलावलं. म्हणजे करिअर एकदम सेट होतं. पण कॉलरा काही डोक्यातून जात नव्हता.

त्या काळी आपल्याकडे पटकी म्हणजे मरीआईचा कोप मानला जायचा. लंडनचे शिकलेले डॉक्टर म्हणायचे, घाणेरड्या वासाच्या हवेतून रोग पसरतो. स्नोचा प्रश्न साधा होता. रोग हवेतून येत असेल तर आधी फुप्फुसं बिघडायला हवीत, मग त्रास पोटापासून का सुरू होतो? म्हणजे काहीतरी गिळलं जातंय. पाण्यातून रोग पसरतो हे त्याने १८४९ मध्येच छापलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

मग ३१ ऑगस्ट १८५४ ची रात्र आली. लंडनच्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास माणसं पटापट मरायला लागली. दहा दिवसांत पाचशेच्या वर गेली.

स्नोला त्या रस्त्यावरच्या हापशाचा संशय आला. त्याने पाणी तपासलं, पण त्यात फारसं काही दिसलं नाही. मग त्याने सरकारी नोंदणी कार्यालयातून ८३ मृत्यूंची यादी मिळवली आणि थेट घरांची दारं वाजवायला सुरुवात केली. फक्त १० मृत्यू दुसऱ्या हापशाला जवळ असलेल्या घरांतले निघाले. चौकशी केल्यावर कळलं, त्यातल्या पाच घरी पाणी ब्रॉड स्ट्रीटचंच यायचं आणि तीन मुलं त्याच हापशाजवळच्या शाळेत जायची.

खरी मजा अपवादांमध्ये होती. शेजारच्या गरिबांच्या आश्रयगृहात ५३५ लोक आणि मेले फक्त पाच. कारण तिथे स्वतःची विहीर होती. जवळच्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून जास्त कामगार, मेलं कुणीच नाही. ते बिअर प्यायचे, हापशाकडे फिरकायचेच नाहीत. आणि कित्येक मैलांवरच्या हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा बाई मात्र गेली. ती आधी ब्रॉड स्ट्रीटला राहायची आणि तिथल्या पाण्याची चव आवडते म्हणून रोज गाडीवरून बाटली मागवायची.

७ सप्टेंबरच्या संध्याकाळी स्नोने हे सगळं स्थानिक कारभाऱ्यांच्या मंडळासमोर मांडलं. दुसऱ्या दिवशी हापशाचा दांडा काढला गेला. त्या वेळी त्याच्या हातात तो प्रसिद्ध नकाशा नव्हताच. तो लोकांसमोर आला डिसेंबरमध्ये.

आणि दांडा काढल्याने साथ थांबली, हेही पूर्ण खरं नाही. लोक घरं सोडून पळाले होते, साथ आधीच ओसरत होती. हे स्नोने स्वतःच कबूल केलं. एकूण ६१६ जण मेले.

हेन्री व्हाइटहेड नावाच्या तिथल्या पाद्र्याला तर स्नोचं म्हणणं खोडून काढायचं होतं. तोही घरोघर फिरला आणि शेवटी स्नोच्या बाजूने पुरावा घेऊन आला. ब्रॉड स्ट्रीटवरच्या ४० नंबरच्या घरात साथीच्या आधी एक तान्हं बाळ आजारी पडलं होतं. आईने त्याची दुपटी धुतलेलं पाणी घराच्या मैल्याच्या खड्ड्यात ओतलं होतं. खड्डा विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर आणि त्याच्या विटा झिजलेल्या.

स्नोचं त्याहून मोठं काम दक्षिण लंडनमधलं. तिथे एकाच गल्लीत दोन कंपन्यांचं पाणी यायचं. एक कंपनी थेम्स नदीच्या वरच्या अंगाचं स्वच्छ पाणी घ्यायची, दुसरी गटारं मिसळलेलं. भाडेकरूंना आपली कंपनी कुठली हेच माहीत नसायचं, म्हणून स्नो पाण्यातलं मीठ तपासून ते ओळखायचा. घाण पाणी देणाऱ्या कंपनीकडे दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू, दुसरीकडे ३७.

एवढं होऊनही १८५५ मध्ये सरकारी चौकशी समितीने त्याचं म्हणणं फेटाळलं. हापसाही नंतर पुन्हा सुरू झाला. १८५८ च्या जूनमध्ये भूलशास्त्रावरचं पुस्तक लिहिता लिहिता स्नोला पक्षाघाताचा झटका आला आणि ४५ व्या वर्षी तो गेला. लॅन्सेट या नामांकित नियतकालिकाने दोन-तीन ओळींत श्रद्धांजली आटोपली. त्यात क्लोरोफॉर्म होतं, कॉलराचा उल्लेखच नव्हता. ती चूक त्यांनी सुधारली २०१३ मध्ये.

१८६६ ला पूर्व लंडनमध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा कुठे सरकारी आकडेतज्ज्ञ विल्यम फार यांनी दोष पाण्याचा धरला. आणि १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कॉलराचा जंतू पक्का ओळखला, तो आपल्या कोलकात्यात.

ब्रॉड स्ट्रीटचं नाव आता ब्रॉडविक स्ट्रीट आहे. तिथे दांडा नसलेला एक हापसा उभा केलाय. आणि तरुणपणी दारूविरोधी चळवळीत असलेल्या या डॉक्टरचं नाव शेजारच्या एका पबला दिलंय.