चौथा मस्केटिअर

मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या! यंदा हॉस्टेलच्या टेबल टेनिस टीममध्ये मला सिंगल्सला घेतलंच नाही, फक्त डबल्सला घेतलं. दोन दिवस तोंड पाडून बसले होते. तेव्हाच जाक ब्रुन्याँ या फ्रेंच टेनिसपटूबद्दल वाचनात आलं.

ब्रुन्याँचा जन्म १८९५ चा, पॅरिसचा. लाकोस्त, कोशे, बोरोत्रा आणि ब्रुन्याँ या चौघांना फ्रान्समध्ये ‘मस्केटिअर्स’ म्हणत. १९२४ ते १९२९ अशी सलग सहा वर्षं विम्बल्डनचं सिंगल्स पहिल्या तिघांनीच आपसात वाटून घेतलं. मगरीच्या टी-शर्टवाला लाकोस्त तो हाच! ब्रुन्याँ मात्र १९२६ मध्ये सेमीफायनलपर्यंत पोचला, त्यापुढे नाही.

पण डबल्समध्ये? चार वेळा विम्बल्डन, पाच वेळा फ्रेंच, एकदा ऑस्ट्रेलियन! कधी जोडीला शांत डोक्याचा कोशे, तर कधी नेटवर झेपावणारा बोरोत्रा. पार्टनर बदलला तरी हा जिंकतच राहिला, तेही अगदी चाळिशीला टेकेपर्यंत.

मला सगळ्यात भिडली ती त्याची एक हरलेली मॅच. १९२७, फिलाडेल्फिया, डेव्हिस कपची फायनल. सात वर्षं कप अमेरिकेकडेच होता. स्कोअर १-१ असताना डबल्सला ब्रुन्याँ-बोरोत्रा उतरले. समोर टिल्डन आणि हंटर. पाच सेट झाले, पाचवा ६-० ने गेला आणि फ्रान्स मागे पडलं. पण ३४ वर्षांच्या टिल्डनचा त्या पाच सेटमध्ये चांगलाच घाम निघाला होता. दुसऱ्या दिवशी दमलेल्या टिल्डनला लाकोस्तने हरवलं, मग कोशेने जॉन्स्टनला, आणि कप पहिल्यांदाच फ्रान्सला गेला! पुढे १९३२ पर्यंत तो तिथेच राहिला. फोटोत कप दिसतो, ते पाच सेट कुठे दिसतात?

१९७६ मध्ये चौघांनाही एकत्रच टेनिसच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. १९७८ मध्ये ब्रुन्याँ गेला. गंमत म्हणजे फ्रेंच ओपनच्या पुरुष सिंगल्सच्या कपला याच मस्केटिअर्सचं नाव आहे. म्हणजे ज्याने ते सिंगल्स कधीच जिंकलं नाही, त्याचाही त्यात चौथा हिस्सा!

असो. संध्याकाळी सहाला प्रॅक्टिस आहे, डबल्सची. माझी पार्टनर खाली उभी राहून हाका मारतेय. निघते!