गाणे वाटून देणारा कवी : वामनदादा कर्डक

पुसेगावसारख्या गावी भीमजयंतीची तयारी सुरू झाली की एखादे पोरगे पेटीला हात लावते आणि घरातले वडीलधारे काळजीत पडतात. गाण्याने पोट भरते काय, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न खोटा नाही. म्हणूनच, धम्मबंधू-भगिनींनो, लोककवी वामनदादा कर्डक यांचे जीवन आपल्या घरात सांगितले पाहिजे. त्यांनी सारे आयुष्य गाण्यावर काढले, आणि त्यात सुखाचे दिवस थोडेच होते.

वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी येथे झाला. (जलसाकार भीमराव कर्डक ते निराळे, आडनाव एक म्हणून पुष्कळांचा घोटाळा होतो.) शाळा नशिबी नव्हती. पोटासाठी मुंबईस आले, मिळेल ती मजुरी केली. तेथे एका माणसाने पत्र वाचून घेण्यासाठी त्यांच्या हाती दिले. हा तरुण शिकलेला असणार, अशी त्याची समजूत. दादांना तर एक अक्षर ओळखता येत नव्हते. ती लाज त्यांच्या मनाला फार लागली. मग देहलवी नावाच्या गुरुजींकडून ते मुळाक्षरे शिकले आणि रस्त्याने जाता-येता दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरे पक्की केली. मिसरूड फुटल्यावर पाटी धरणे सोपे नसते. आपल्या घरातील आजी-आजोबांना हे सांगावे लागणार नाही.

त्यांना सिनेमात नट व्हायचे होते. गर्दीतली किरकोळ कामे मिळाली, तेवढीच. 1943 साली त्यांनी एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर आपले शब्द बसवले. लोक हसले, खूष झाले. त्याच साली बाबासाहेबांचे दर्शन घडले आणि त्या गाण्याला दिशा मिळाली. चाल पुढेही पुष्कळदा उसनी असे, पण शब्द मात्र शेतमजुराच्या, चुलीपुढच्या बाईच्या तोंडचे. विद्वानाची भाषा त्यांनी कधी पांघरली नाही. 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांना ग्रंथ वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत बुद्ध आणि भीम अशाच गाण्यांतून पोचले.

दादांनी हजारो गाणी रचली आणि गाठीला बांधून ठेवली नाहीत. खेडोपाडी जायचे, मिळेल ती भाकर खायची, नव्या गायकांना शिकवायचे, मागेल त्याला गाणे द्यायचे. तथागतांनी दानाला पारमितांमध्ये पहिले स्थान दिले आहे; दादांजवळ द्यायला गाणेच होते. याची किंमतही त्यांनी मोजली. पोटची मुलगी लहानपणीच गेली, पहिला संसार मोडला, दारिद्र्य शेवटपर्यंत सुटले नाही. ते सारे दानाचे तेज म्हणून गोड करून सांगणे मला पटत नाही. ज्या समाजाने ती गाणी गायली, त्याने कवीच्या घरातील चूलही पाहायला हवी होती.

‘वाटचाल’ हा त्यांचा पहिला संग्रह 1973 साली निघाला, म्हणजे गाऊ लागल्यावर तीस वर्षांनी. 15 मे 2004 रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

दादा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफीत. घाईत ते कडवे गाळले की कवीचे नावही गळते. पुसेगावच्या आणि भोवतालच्या गायक मुलांनी यंदाच्या जयंतीला तेवढे कडवे म्हणावे.